समुद्रातून वाचवलेल्यांना कोण घेणार, हे भांडण मुळात आलं कुठून?

इटली नाहीतर माल्टाच्या बाहेर रेस्क्यू बोट दिवसेंदिवस थांबलीय, डेकवर माणसं झोपलीयत आणि तिकडे सरकारं फोनवर "तुम्ही किती घेता" विचारतायत, ही बातमी 2018 पासून इतक्यांदा आली की आता कुणाला धक्काही बसत नाही. मला मात्र अजून राग येतो, कारण हे दोन नियमांच्या टकरीतून झालंय आणि दोन्ही नियम सरकारांनीच मान्य केलेत.

एक नियम डब्लिनचा. युरोपीय देशांचा 1990 चा करार, 1997 पासून लागू, नंतर 2003 आणि 2013 मध्ये बदलला पण गाभा तोच राहिला, म्हणजे आश्रय मागणारा माणूस युरोपात पहिल्यांदा ज्या देशात शिरला त्यानेच साधारणपणे त्याचा अर्ज बघायचा (घरचे आधीच दुसऱ्या देशात असतील वगैरे अपवाद आहेत). नकाशा बघितला तरी कळतं की बोटीने येणाऱ्यांचा सगळा भार इटली, माल्टा, ग्रीस, स्पेनवर पडणार.

दुसरा नियम समुद्राचा, आणि तो फार जुना. बुडणाऱ्याला वाचवायचंच, तो कोण, कुठला, कागद आहेत का हे विचारायचं नाही, मर्चंट नेव्हीतल्या कुणालाही विचारा. पण वाचवलेल्यांना उतरवायचं कुठे यावर कायदा बराच काळ गुळमुळीत होता. 2001 मध्ये टाम्पा या नॉर्वेच्या जहाजाने चारशेच्या वर माणसं वाचवली आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिलं नाही, त्यावरून जगभर वाद झाला आणि 2004 मध्ये दुरुस्ती आली की ज्या देशाच्या बचावक्षेत्रात (समुद्राचा जो भाग बचावासाठी त्या देशाकडे आहे त्यात) माणसं सापडली त्याने सुरक्षित जागेची सोय बघायची. माल्टाने ही दुरुस्ती मान्यच केली नाही, कारण देश मुंबईपेक्षा लहान आणि बचावक्षेत्र ट्युनिशियाजवळून पार ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दिशेने पसरलेलं. बोट आत घेतली की डब्लिनमुळे माणसंही आपल्याच गळ्यात, ही सगळ्या किनाऱ्यावरच्या देशांची भीती.

यावर उपाय सापडलेला होता हो, तेही 1979 मध्येच! व्हिएतनाममधून लोक बोटींनी पळत होते, आग्नेय आशियातले देश त्यांना उतरू देईनात, तेव्हा अमेरिकेसकट आठ पाश्चिमात्य देशांनी मिळून आधीच गॅरंटी दिली की जे देश निर्वासित घेत नाहीत त्यांच्या व्यापारी जहाजांनी वाचवलेल्यांना आम्ही घेऊ. आधी गॅरंटी, मग उतरवणं. युरोपने स्वतःच्या समुद्रात नेमकं हेच केलं नाही.

3 ऑक्टोबर 2013 ला इटलीच्या लॅम्पेडुसा बेटाजवळ बोट बुडून 360 च्या वर माणसं गेली, मग इटलीने मारे नोस्त्रुम ही नौदलाची मोहीम काढली आणि वर्षभरात सुमारे दीड लाख लोक वाचवले, खर्च महिन्याला 90 लाख युरोच्या आसपास, बाकीच्यांनी हातभार फारसा लावला नाही म्हणून ती बंद झाली. एप्रिल 2015 मध्ये एकाच बोटीबरोबर 800 च्या आसपास माणसं बुडाली. त्या सप्टेंबरमध्ये युरोपियन युनियनमध्ये इटली आणि ग्रीसमधून 1,60,000 लोक वाटून घ्यायचं ठरलं. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक आणि रोमानियाने विरोधात मत दिलं, पुढे हंगेरी-स्लोव्हाकिया कोर्टातही हरले, तरी प्रत्यक्षात हललेले लोक 35,000 च्या आतच राहिले.

जून 2018 मध्ये इटलीचे नवे गृहमंत्री साल्विनी यांनी स्वयंसेवी संस्थांची बचावबोट अ‍ॅक्वेरियसला पोर्ट नाकारलं. 629 माणसं, शेवटी स्पेनने व्हॅलेन्सियाला बोलावलं. ऑगस्टमध्ये तर दिचोत्ती या इटलीच्या स्वतःच्या कोस्ट गार्डच्या जहाजावरून माणसांना कतानिया बंदरात उभं असताना उतरू दिलं नाही. डिसेंबरअखेर सी-वॉच 3 आणि आणखी एका बोटीवर मिळून 49 जण होते, त्यांच्यासाठी 9 जानेवारी 2019 पर्यंत बोलणी चालली, अख्खं नाताळ आणि नवं वर्ष समुद्रात. एकोणपन्नास! 2019 च्या ऑगस्टमध्ये ओपन आर्म्स या बचावबोटीवर 19 दिवस काढल्यावर किनारा समोर दिसतोय म्हणून लोकांनी पाण्यात उड्या मारल्या, शेवटी इटलीतल्या आग्रिजेंतोचे सरकारी वकील स्वतः बोटीवर गेले आणि सगळ्यांना उतरवायचा आदेश दिला.

मग 23 सप्टेंबर 2019 ला जर्मनी, फ्रान्स, इटली, माल्टा यांनी माल्टात बसून ठरवलं की उतरलेल्यांना चार आठवड्यांत वाटून घ्यायचं. पण ते ऐच्छिक, काही महिन्यांपुरतं, आणि कोविड आल्यावर बारगळलं. 2020 मध्ये माल्टाच्याच सांगण्यावरून मेर्स्क एटिएन या डॅनिश टँकरने 27 जण उचलले आणि त्यांना 38 दिवस डेकवर ठेवावं लागलं, त्या खलाशांची चूक काय? 2022 च्या जूनमध्ये पुन्हा एक ऐच्छिक करार झाला, नोव्हेंबरमध्ये ओशन व्हायकिंग ही बचावबोट इटलीऐवजी फ्रान्सच्या तूलाँला न्यावी लागली तशी चिडलेल्या फ्रान्सने इटलीतून 3,500 जणांना घ्यायचं थांबवलं.

आता युरोपियन युनियनचा 2024 मध्ये मंजूर झालेला नवा पॅक्ट आहे, म्हणजे स्थलांतर आणि आश्रयाचा करार, लागू होण्याची तारीख जून 2026. त्यात मदत सक्तीची आहे पण प्रकार निवडता येतो, माणसं घ्या, माणशी 20,000 युरो द्या, नाहीतर दुसऱ्या प्रकारची मदत करा. वर्षाला किमान 30,000 जणांच्या वाटपाचा आकडा धरलाय. पहिल्या देशाची जबाबदारी मात्र बव्हंशी तशीच ठेवलीय, आणि वाचवलेल्यांची बोट कोणत्या पोर्टला लागायची याचा बांधील नियम त्यातही नाही.