नजर वर गेली की ‘हो’: मुलांसाठीच्या मेंदू-संगणक जोडणीची पार्श्वभूमी

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका घरी मी सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेली नऊ वर्षांची मुलगी पाहिली. आई पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या ताट, पाणी, आजी अशा चित्रांवरून सावकाश बोट फिरवते आणि मुलीची नजर वर गेली की थांबते. मेंदूतील विद्युतसंकेत टिपून संगणक चालवणारी जोडणी अशा मुलांपर्यंत उशिरा का आली, याचे उत्तर या जोडणीच्या इतिहासातच आहे.

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या सुरुवातीच्या पुष्कळ नोंदी स्वतःच्या किशोरवयीन मुलाच्या होत्या, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पुढे या विद्येत मुले जवळजवळ दिसेनाशी झाली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या झाक विदाल यांनी ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ हे नाव रूढ केले. १९८८ मध्ये फार्वेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी पडद्यावर छत्तीस चौकटींचा अक्षरतक्ता मांडला. त्याच्या ओळी आणि रकाने आळीपाळीने उजळतात, आणि मनातले अक्षर उजळले की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. पुठ्ठ्यावर फिरणारे बोट आणि आईची वाट पाहणारी नजर, हेच काम इथे यंत्र करते. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधक बीरबाउमर यांच्या गटाने स्नायूंचा ताबा गेलेल्या रुग्णांकडून, डोक्यावरील संवेदकांच्या साहाय्याने, अक्षरे निवडून घेतली.

मात्र हे रुग्ण प्रौढ होते, एकेकाळी बोललेले आणि लिहिलेले. या जोडणीच्या दुसऱ्या एका पद्धतीत हालचालीची नुसती कल्पना केली की उमटणारे संकेत टिपतात; तिथली ‘उजवा हात हलवल्याची कल्पना करा’ ही सूचना अशा प्रौढांना कळते; ज्या मुलाने तो हात कधी मनाप्रमाणे हलवलाच नाही, त्याने कशाची कल्पना करायची? शिवाय वाढत्या वयात मेंदूच्या लहरींचा वेग बदलत जातो, संवेदकांची टोपी डोक्याला नीट बसत नाही, अनैच्छिक हालचालींमुळे स्नायूंचे संकेत मेंदूच्या क्षीण संकेतांवर मात करतात आणि सरावाला मूल लवकर कंटाळते. म्हणूनच कॅनडात कॅल्गरी, एडमंटन आणि टोरांटो येथील बालपुनर्वसनाशी जोडलेल्या गटांनी अलीकडे अक्षरांऐवजी खेळ, चित्रे रंगवणे आणि विजेवर चालणारी खुर्ची हलवणे यांपासून सुरुवात केली, आणि मला तीच दिशा योग्य वाटते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. छत्तीस चौकटींत रोमन अक्षरे आणि अंक मावतात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांसह देवनागरी मावत नाही, कन्नडचेही तसेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे, पण तेवढ्याने घरची मराठी आणि शाळेची कन्नड एका पडद्यावर येत नाही. त्या मुलीच्या पुठ्ठ्यावर पेल्याच्या चित्राखाली आईने मराठीत ‘पाणी’ लिहिले आहे, आणि त्याच्याच खाली शाळेतल्या बाईंनी कन्नड अक्षरांत ‘नीरु’.