लग्नाच्या कॅसेटमधली तिरकी रेघ

मिनीडीव्ही, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात घालायच्या त्या छोट्या डिजिटल कॅसेटची झडप उघडून आत बघितलंय का कधी? पाव इंच रुंदीची काळसर टेप, बस. पण ६० मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये साधारण १३ जीबी डेटा मावायचा, आणि १९९५ साली ही आली तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला १ जीबीची हार्ड डिस्क म्हणजे चैन होती.

ही टेप सरकते मात्र अगदी हळू, सेकंदाला १९ मिलीमीटर सुद्धा नाही. चित्राचा डेटा सेकंदाला २५ मेगाबिट, तो एवढ्या संथ टेपवर लिहिणार कसा? म्हणून टेपवर लिहिणारा हेडच पळवला. रुपयाच्या नाण्याएवढा गोल, आरशासारखा गुळगुळीत ड्रम, त्यावर दोन हेड, आणि तो थोडा तिरका बसवून मिनिटाला ९००० वेळा फिरवायचा, की टेपवर तिरक्या रेघा उमटत जातात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका फ्रेमला १२ रेघा म्हणजे सेकंदाला ३००, आणि एकेक रेघ फक्त १० मायक्रॉन (मिलीमीटरचा शंभरावा भाग) रुंद, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. मला तर हे आजही अचाट वाटतं.

पण जे फिरतं ते अडतं पण. माझ्या मावसभावाचं लग्न जूनच्या शेवटी होतं, हॉल एसी, बाहेर धो धो पाऊस. वरातीसाठी कॅमेरा दाराबाहेर काढला आणि दमट हवेतलं पाणी त्या गार ड्रमवर जमलं. ओली टेप ड्रमला चिकटून गुंडाळली जाते, म्हणून कॅमेऱ्यातला सेन्सर ओल दिसली की सगळं बंदच करतो, तसंच झालं, शूटिंगवाले दादा कॅसेटचं दार उघडं ठेवून पंख्यासमोर बसले आणि वरात गेली पुढे.

मेमरी कार्डातल्या फ्लॅश मेमरीत हे दुखणंच नाही, कारण आत हलणारं काही नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये तिचा नँड फ्लॅश हा प्रकार मांडला, त्यात पातळ इन्सुलेशनच्या आड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात, वीज गेली तरी ते तिथेच राहतात. २००४ मध्ये पॅनासोनिकने न्यूजवाल्यांसाठी पी२ नावाचं मेमरी कार्ड आणलं, त्याच्या पोटात चक्क चार एसडी कार्डं एकत्र काम करायची. ४ जीबीत जेमतेम १६ मिनिटं शूटिंग, त्यामुळे बरेच जण टेपलाच धरून राहिले. मग मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत सेंदाईजवळचा सोनीचा टेपचा कारखाना बंद पडला, हॉलिवूड आणि टीव्हीवाल्यांना व्यावसायिक शूटिंगची एचडीकॅम एसआर टेप मिळेना, आणि जे आज-उद्या करत होते तेही टेप सोडून फाइलवर आले.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. कॅसेट म्हणजेच मूळ रेकॉर्डिंग, ती शूटिंगनंतर कपाटात जायची. कार्ड कॉपी करून पुढच्या मुहूर्तासाठी फॉरमॅट होतं, आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. मोठ्या डेटा सेंटरांत जुना डेटा ठेवायला आजही टेपच वापरतात ती उगाच नाही.

त्या लग्नाच्या चार कॅसेट गेल्या दिवाळीत मी एका जुन्या कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर घेतल्या, तासाच्या कॅसेटला पूर्ण तास लागतो, मधे उठता येत नाही. चार-पाच ठिकाणी चित्राचे चौकोन झालेत. मंगलाष्टकं म्हणताना मावशीचा चढलेला सूर आहे तसाच आहे.