बाटलीवरचं करडू: दूध पाजणं आणि दूध तोडणं

आमच्याकडून करडू घरी नेल्यावर बहुतेकांचा पहिला फोन त्याच रात्री येतो. "सारखं ओरडतंय, अजून एक बाटली देऊ का?" हे सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान या फोनचं उत्तर लक्षात ठेवा: देऊ नका. जागा नवी, माणसं नवी आणि बरोबरची पिल्लं सुटलेली, म्हणून ते ओरडतं. बाटली पुढे केलीत तर ते पिणारच, पोट भरलेलं असलं तरी पिणार. करडाचं दूध ठरवायचं ते त्याच्या वजनावरून आणि घड्याळ बघून. जमलं तर दोन करडं एकत्र पाळा. सोबत असली की निम्मी ओरड थांबते.

किती पाजायचं

दिवसभरात मिळून वजनाच्या १५ ते २० टक्के. ३ किलोच्या करडाला ४५० ते ६०० मिली, तेही विभागून. पहिल्या आठवड्यात निदान चार वेळा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीन वेळा, पुढे दोन वेळा. करडू दिलं त्या दिवशीचं त्याचं वजन आणि चालू असलेलं दूध आम्ही पावतीवर लिहून देतो, तिथून सुरुवात करा. नंतर दर आठवड्याला वजन घ्या. मोठा काटा लागत नाही. करडू उचलून घेऊन घरच्या काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि फरक काढा.

पाजून झालं की करडू सपाट जमिनीवर उभं करून मागून पाहा. बरगड्यांच्या मागची बाजू कमरेच्या हाडाच्या साधारण रेषेत हवी. खोल गेली असेल तर दूध कमी पडतंय. दोन्हीकडून गोल फुगली असेल तर जास्त झालंय, आणि आम्हाला जास्तीचीच भीती अधिक वाटते. न पचलेलं दूध आतड्यात उतरलं की तिथले जंतू त्यावर झपाट्याने वाढतात, हगवण लागते, आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग) झाला तर सकाळी उड्या मारणारं करडू संध्याकाळपर्यंत हातचं जाऊ शकतं. आमच्याकडे सुरुवातीच्या काळात असं एक करडू गेलं. घरातल्या दोघांनी, एकमेकांना न सांगता, त्याला एकाच संध्याकाळी पोटभर पाजलं होतं. तेव्हापासून गोठ्याच्या दाराला पाटी टांगलेली आहे. पाजलं की खडूने वेळ आणि माप लिहायचं. तुमच्याकडे पाजणारी दोन-तीन माणसं असतील तर पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.

दूध शेळीचं मिळालं तर उत्तम. गाईचं, साय न काढलेलं, चालतं. पावडरीचं दूध वापरणार असाल तर ते करडांसाठी किंवा कोकरांसाठी बनवलेलंच घ्या आणि डब्यावरच्या मापानेच कालवा, "ताकद यावी" म्हणून एक चमचा जास्त नको. दूध बदलायचं असेल तर चार दिवस घ्या, रोज जुन्यातलं पाव कमी करून तेवढं नवीन मिसळा. बाटली आणि निपल दर वेळी गरम पाण्याने, साबणाने धुऊन कोरडी होऊ द्या. निपलच्या आतल्या कडेला दुधाचा चिकट थर राहतो, तिथे बोट फिरवून पाहा.

कसं पाजायचं

करडाच्या पोटाला चार कप्पे असतात, पण सुरुवातीला दुधासाठी चौथाच कामाचा. दूध थेट तिथे पोचावं म्हणून अन्ननलिका संपते तिथे एक पन्हळ असते. करडू मान वर ताणून चोखायला लागलं की पन्हळीच्या कडा मिटून तिची नळी होते आणि दूध पहिला कप्पा, म्हणजे कोठीपोट, टाळून पुढे जातं. चोखण्याऐवजी तोंडात ओतलेलं दूध कोठीपोटात पडून नासतं. म्हणून करडू चार पायांवर उभं हवं, बाटली शेळीच्या कासेच्या उंचीवर, जरा तिरपी. मांडीवर उताणं घेऊन बाळासारखं पाजू नका. लहान मुलांना हा मोह हमखास होतो, त्यांना आधीच समजावून सांगा. बाटली उलटी केल्यावर निपलमधून थेंब-थेंब पडावा. धार लागत असेल तर निपल बदला, कारण दूध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

दूध ३८ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर छान कोमट लागेल इतकं. पाजण्याआधी करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर दूध देऊ नका. आधी अंग कोरडं करा, ऊब द्या, थर्मामीटरवर ३८ च्या वर आलं की मग पाजा. गारठलेल्या करडाला दूध पचत नाही.

काही करडं पहिले एक-दोन दिवस बाटली धरतच नाहीत. तेव्हा एक तळवा त्याच्या डोळ्यांवर हलका ठेवा, कासेखाली असतो तसा अंधार होतो. दुसऱ्या हाताने निपल तोंडात देऊन हनुवटीला खालून आधार द्या. जवळ कोणी असेल तर त्याला शेपटीच्या मुळाशी बोटांनी हळूच खाजवायला सांगा, पिल्लू पीत असताना शेळी तिथेच हुंगते, चाटते. शेपटी भराभरा हलायला लागली की धरली समजा. दूध जबरदस्तीने पिळू नका, तासाभराने पुन्हा प्रयत्न करा.

आमची करडं चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पिऊनच बाहेर पडतात. पण तुमच्या शेळीचं पिल्लू पोरकं झालं तर पहिल्या एक-दोन तासांत त्याला चीक मिळायलाच हवा, आणि २४ तासांत वजनाच्या १० टक्के. चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट त्यानंतर बंद होते, मग कितीही पाजला तरी ती मिळत नाही.

दूध तोडण्याची तयारी दुसऱ्याच आठवड्यापासून

चारा पचवणारं कोठीपोट आपोआप वाढत नाही, खाल्ल्यानेच वाढतं. आठव्या दिवसापासून मूठभर खुराक (धान्य-पेंडीचं मिश्रण), वाळलेला मऊ चारा आणि ताजं पाणी समोर ठेवा. सुरुवातीला ते नुसतं चिवडेल. उरलेलं रोज काढून नवीन ठेवा, कारण लाळ लागून आंबलेला खुराक करडं तोंडात घेत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसल्या-बसल्या जबडा हलताना दिसला की रवंथ सुरू झालं. आम्ही तर ते बघायला थांबतो!

दूध ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान तुटतं, पण नुसतं कॅलेंडर पाहू नका. वजन जन्माच्या अडीचपट झालेलं हवं आणि करडू रोज १०० ते १५० ग्रॅम खुराक, शिवाय चारा, स्वतःहून खात असलं पाहिजे. यातलं एक जरी अपुरं असेल तर आठवडाभर थांबा. मग दुपारची बाटली असेल तर ती आधी बंद, पुढे सकाळची आणि संध्याकाळची दर दोन दिवसांनी थोडी-थोडी कमी. दहा-चौदा दिवसांत आटपा. दुधात पाणी वाढवत नेण्यापेक्षा माप कमी करणं आम्हाला बरं वाटतं, पातळ दूध नीट पचत नाही.

या पंधरवड्यात शिंगं डागणं, खच्चीकरण, जागा बदलणं यातलं काहीही करू नका. ताण एका वेळी एकच. रक्ती हगवणही याच सुमारास डोकं वर काढते, म्हणून बसायची जागा कोरडी ठेवा आणि गव्हाण अशी बांधा की तिच्यात पाय घालता येणार नाहीत. आंत्रविषार आणि धनुर्वाताच्या लसींच्या तारखा पशुवैद्यांकडून दूध तोडायच्या आधीच ठरवून घ्या.

हगवणीत रक्त दिसलं, करडू दोन वेळा प्यायलं नाही, पोट ताठ फुगलं किंवा मान टाकून पडलं तर आम्हाला फोन करण्याआधी पशुवैद्यांना बोलवा. आम्हाला नंतर सांगितलंत तरी चालेल.

शेवटची बाटली बंद झाल्यावर तीन-चार दिवस करडू तुम्हाला पाहून हाका मारेल, बोटं चोखेल. जवळ बसा, अंगावरून हात फिरवा, पण बाटली पुन्हा काढू नका. महिनाभर वजन लिहीत राहा. पहिल्या आठवड्यात ते जागच्या जागी राहिलं तर घाबरू नका, दुसऱ्या आठवड्यातही हललं नाही तर वजनाची वही घेऊन आमच्याकडे या.