रॅम वाढवण्याआधी

आंब्याच्या हंगामात देवगडचा बागायतदार पेट्यांचा हिशोब एक्सेलमध्ये लिहितोय, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडे आहेत आणि लॅपटॉप जागचा हलत नाही. दुकानदार सांगतो, "रॅम वाढवा." रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी. ती वाढवावी, पण आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघावा. रोजचं काम चालू असताना मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास दिसली, तरच रॅम कमी पडतेय.

रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती डिस्कवर टाकतं. रॅममधून माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, त्याच्या हजारपट वेळ लागतो, फिरत्या हार्ड डिस्कला जवळजवळ लाखपट. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅमच घ्यायची ठरली, तर जीबीच्या आधी पिढी बघा, म्हणजे ती डीडीआर-३ आहे, ४ की ५. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. इतक्या नाजूक कामात व्होल्टेज चुकून चालत नाही. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१. चुकीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसूच नये म्हणून तिची खाचही प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. फसगत होते ती डीडीआर-३-एलमध्ये: खाच तीच, व्होल्टेज मात्र १.३५. फक्त १.३५ वर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर-३ नीट बसते, पण लॅपटॉप सुरूच होत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे जादा स्लॉट नसेल तर विषयच संपला.

दोन स्लॉट असतील तर १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन्ही वाटांनी माहिती एकदम वाहते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा चांगला फायदा होतो. स्टिकचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट. स्टिकच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. खारी, दमट हवा त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोचते आणि तिथे गंज धरतो. पावसाळ्यानंतर लॅपटॉप नुसता बीप देऊन थांबला, तर नवी रॅम घेण्याआधी पिना साफ करून बघा. खोडरबराने घासू नका, मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे.

नवी स्टिक बसवल्यावर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी त्याच रात्री लावा, म्हणजे दोष निघाला तर बदलून घेण्याची मुदत हातात राहते.