कॅनव्हासचा कोट आणि पेस्टिंगचा कोट: कात्री लावण्यापूर्वी

जुन्या लोकरी कोटांतून नवी, एकासारखी दुसरी नसणारी वस्त्रे घडवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: कोटाला आकार देणारा आतला थर टाक्यांनी धरलेला कॅनव्हास असेल तर कोट उत्तम आणि गोंदाने चिकटवलेले पेस्टिंग असेल तर टाकाऊ. नवा कोट अंगात घालण्यासाठी विकत घेणाऱ्याला हा समज पुरेसा असेलही. कोट उसवून त्याचे दुसरेच काही करू पाहणाऱ्याला मात्र तो फसवतो, आणि त्यापायी दोन्ही प्रकारचे चांगले कापड वाया गेलेले मी वारंवार पाहिले आहे.

पेस्टिंगचा कोट आपल्या सर्वांच्या कपाटात असतो, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात. लग्नासाठी घेतलेल्या तयार ब्लेझरच्या पुढच्या भागाला आतून एक पातळ कापड गरम दाबाने चिकटवलेले असते. त्यावरील गोंदाचे बारीक ठिपके उष्णतेने वितळतात आणि थंड झाल्यावर ते कापड लोकरीला पक्के धरून ठेवतात. कॅनव्हासच्या कोटात हेच काम दोरा करतो. येथे कॅनव्हास म्हणजे पिशव्यांचे जाड कापड नव्हे. याचा उभा धागा बहुधा सुती असतो आणि आडव्या धाग्यात घोड्याचे किंवा बकरीचे केस असतात, म्हणून ते मुडपले तरी पुन्हा उसळून सरळ होते. हे कापड लोकर आणि अस्तर यांच्यामध्ये जवळजवळ मोकळे लोंबते आणि छाती व लॅपल (कॉलरखालची बाहेर उलटवलेली पट्टी) यांच्यापाशी आडव्या-तिरक्या बारीक टाक्यांनी धरलेले असते. बटणे, खिसे, अस्तराचा रंग यांवरून दोहोंत फरक शोधण्यात वेळ घालवू नये.

खरा प्रश्न एकच आहे: वरचे लोकरी कापड आतल्या थरापासून पुन्हा मोकळे करता येते का? कॅनव्हासच्या कोटात ते येते. टाके उसवले की हातात येते ती निव्वळ लोकर, विणली गेली तेव्हा होती तशी. ती रंगवा, गरम पाण्यात घोटून नमद्यासारखी (दाबून केलेल्या लोकरीच्या कापडासारखी) दाट करा किंवा उलटी करून आतली बाजू वर घ्या. पेस्टिंगच्या कोटात ते येत नाही. वाफ देऊन आतले कापड ओढून काढता येते हे खरे, पण गोंद लोकरीच्या तंतूंत उरतो, पुढच्या इस्त्रीला पुन्हा चिकट होतो आणि धूळ धरतो. तसाच ठेवून कोट रंगवायला किंवा घोटायला घेतला तर पाठ आणि बाह्या आकसतात, पुढचा भाग आकसत नाही, आणि छातीवर फुगे येतात. एकाच थानातून कापलेले दोन तुकडे यानंतर कधीही जुळत नाहीत. असा कोट घेऊन येणारा माणूस नेहमी रंगाला दोष देतो.

आता याची दुसरी बाजू, जी कोणी सांगत नाही. थेट कापायचे असेल तर पेस्टिंगचा कोट अधिक आज्ञाधारक असतो. गोंदाने धागे जागच्या जागी धरलेले असल्यामुळे कडा फारशा उसवत नाहीत, तुकडा तिरका ताणला जात नाही आणि ठिगळांचे जाकीट किंवा पिशवी शिवताना वेगळे बकरम (ताठपणासाठीचे आतले कापड) लावावे लागत नाही. कॅनव्हासच्या कोटावर तशीच सरळ कात्री चालवली तर टाके तुटतात, थर एकमेकांवरून सरकतात आणि वरचा तुकडा आतल्यापेक्षा बोटभर लहान निघतो. कापण्यापूर्वी रेषेच्या दोन्ही बाजूंनी कच्चा धावदोरा घालणे हाच त्यावर उपाय, आणि घाईतले लोक नेमके तेच टाळतात.

ओळखण्याच्या बाबतीत ऐकीव खुणाच फार. कॉलरच्या खाली नमदा आहे म्हणून आत कॅनव्हासच असणार, हे चूक आहे. हॅरिस ट्वीडचे गोलावर क्रॉस असलेले लेबल आहे म्हणून, हेही चूक. 1993 च्या ब्रिटिश कायद्याने त्या नावाला संरक्षण आहे, पण ते लेबल हे लोकरी कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकरांच्या घरी हाताने विणले गेले याची ग्वाही देते, कोटाच्या पोटात काय आहे याची नाही. उलट ब्रिटनमध्ये 1941 साली कपड्यांचे रेशनिंग सुरू झाल्यानंतर आलेल्या युटिलिटी (सरकारने ठरवलेल्या काटकसरीच्या) कपड्यांवरील ‘सीसी41’ ही खूण आढळली, तर पेस्टिंगची शंका घेण्याचे कारण नाही, कारण गरम दाबाने चिकटणारे कापड कोटांच्या शिवणकामात रुळले ते 1960 च्या दशकापासून.

काजांच्या मधला भाग चिमटीत धरून थर सरकवून पाहण्याची चाचणी लोकप्रिय आहे. मधे तिसरा थर सुटा लागला तर कॅनव्हास, असे मानतात. अर्ध्या कॅनव्हासच्या कोटात ती हमखास दगा देते, कारण तेथे छातीपाशी कॅनव्हास असतो आणि तरीही लोकरीला मागून हलके पेस्टिंग केलेले असू शकते. म्हणून माझा आग्रह असा की, पुढच्या भागाच्या घेराशी अस्तराची आठ-दहा सेंटिमीटर शिवण उसवावी आणि लोकरीची मागची बाजू डोळ्यांनी पाहावी. वीण उघडी दिसली तर कापड मोकळे आहे. पातळ जाळी किंवा ठिपके चिकटलेले दिसले तर नाही. तीच फट पुढे छातीपर्यंत वाढवून तेथेही पाहावे. नंतर ती हाताने पाच मिनिटांत शिवता येते.

कॅनव्हासचा निघाला तरी त्याचे लॅपल मी उसवत नाही. तेथील टाके कापड हातावर वळवून धरून घातलेले असतात, त्यामुळे त्याला जी गोलाई आलेली असते ती सपाट इस्त्रीने परत मिळत नाही. लॅपल कॉलरसकट अखंड काढावे, कडेने धावदोरा घालावा आणि ते नव्या वस्त्रावर आहे तसेच बसवावे.