नॉक सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच, असं नाही

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनातली टकटक (नॉकिंग) ऐकणारा, इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला सेन्सर. गाडीला लावलेल्या स्कॅनरवर पी ०३२५ हा बिघाडाचा कोड दिसला की मिस्त्री सांगून मोकळा होतो, 'नॉक सेन्सर गेला, नवा टाका.' आपल्याकडे यवतमाळ-वणीच्या पट्ट्यात हा समज इतका रुजलाय की गिऱ्हाईकही आधी सेन्सरचाच भाव विचारतं. खरं म्हणजे हा कोड सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो. सर्किटमध्ये वायरही आली, कनेक्टरही आला.

आणि गाडी उभी कुठं असते? गोठ्याजवळ, नाहीतर कापसाच्या गंजीला लागून. उंदरांची चंगळच! म्हणून आधी वायर कुरतडली आहे का, पिनांवर हिरवट गंज आहे का, ते बघा. मग इंजिन बंद ठेवून सेन्सरचा प्लग काढा, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्यानं हलकं ठोका. आतला पिझो स्फटिक कंपनातून स्वतःच व्होल्टेज तयार करतो. आकडा हलला, तर सेन्सर बहुतेक जिवंत आहे.

चढावर टकटक ऐकू येत असेल, तर मे महिन्यातली ४५ अंशांची हवा, भेसळीचं पेट्रोल, इंजिनात साचलेला कार्बन यांचाही संशय घ्या. सेन्सर फक्त ऐकतो. स्पार्क मागं घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो, तो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

बदलावाच लागला, तर 'करकचून आवळा' हा सल्ला मुळीच ऐकू नका. मध्ये भोक असलेल्या सपाट सेन्सरचा बोल्ट आवळायला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघाच. ब्लॉकची जागा घासून स्वच्छ करा, खाली वॉशर घालू नका.