राज्यशास्त्राला गणित लागत नाही, हा गैरसमज

‘गणित नको ना, मग राज्यशास्त्र घे, वाचन आणि वादविवाद जमला की झालं,’ असा सल्ला आंतरराष्ट्रीय विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांना वर्षानुवर्षं मिळतो. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे चांगली मुलं पहिल्याच वर्षी गडबडतात.

वाचन भरपूर असतंच. पण अनेक ठिकाणी संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा असतो. 1000 जणांच्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे 3 टक्के इकडे-तिकडे का धरतात, ती त्रुटी निम्मी करायला नमुना दुप्पट नव्हे तर चौपट का लागतो, हे तिथे शिकावं लागतं. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांत मोजण्याची पद्धत. तिच्या तक्त्यात वर गुणांक, म्हणजे त्या संबंधाचा अंदाज असतो, खाली कंसात प्रमाण त्रुटी, म्हणजे तो अंदाज किती डळमळीत आहे याचं माप. गुणांक त्रुटीच्या साधारण दुपटीहून मोठा असेल तर 5 टक्के पातळीवर तो दखलपात्र, म्हणजे निव्वळ योगायोगाने न आलेला मानतात.

खरी चूक मात्र वेगळीकडेच होते. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन चालवताना एखाद्या देशाचा एक आकडा जरी गहाळ असला, तरी ती अख्खी ओळ आपोआप गळते. नवा घटक जोडल्यावर गुणांक बदलला की विद्यार्थी त्याचं श्रेय घटकाला देतात. प्रत्यक्षात देशच कमी झालेले असू शकतात. म्हणून आधी निरीक्षणांची संख्या पाहावी आणि दोन्ही मॉडेलं त्याच देशांवर पुन्हा चालवावीत.

घाबरण्याचं कारण नाही. शालेय बीजगणित, सरासरी आणि प्रमाण विचलन पक्कं असलं की सुरुवात होते. ‘आर’ मोफत आहे. प्रवेशाआधीच हात बसवून घ्यावा.